पाठमोरा फणस

तारकर्ली रस्त्यावर माझ्याविषयी सध्या जे सांगितलं जातं, त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत आणि एक खरी आहे. मी फणसाला नातीचं झबलं घातलं, ही खोटी. पोलिसांनी मला फणसासकट चौकीवर नेलं, हीही खोटी. गाडीत फणसाला पट्टा बांधलेला होता आणि मला नव्हता, ही मात्र खरी. पण लोक सांगतात तशी ती घडलेली नाही. तीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात भूमापक म्हणून काढलेल्या माणसाला एवढं नक्की कळतं, की जे कागदावर येत नाही ते लोकांच्या तोंडात वाढत जातं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

सुरुवात संचिताच्या फोनने झाली. संचिता ही आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. तिचं बाळंतपणही तिकडेच झालं, आम्ही दोघं तिकडे जाऊन राहिलो. त्यामुळे नातीचे, म्हणजे तेजस्वीचे, पाय अजून आमच्या घराला लागलेले नव्हते. आता मे महिन्यात अकरा महिन्यांच्या तेजस्वीला घेऊन संचिता रेल्वेने येणार होती. मी म्हटलं, "कुडाळ स्टेशनार मी येतंय गाडी घेवन."

मग ती म्हणाली, "बाबा, आपण टॅक्सी करू."

आमच्या घरात सगळे मालवणीत बोलतात. संचिता प्रमाण मराठीत शिरली की समजायचं, निर्णय झालेला आहे आणि आपल्याला फक्त कळवण्यात येत आहे.

कारण मला माहीत होतं. गेल्या दिवाळीत धामापूरच्या वळणावर मी गाडी रस्ता सोडून एका कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, उतरवली होती. भात कापून झालं होतं, कुणगा कोरडा होता, कोणाला खरचटलंही नाही. रस्त्याची हद्द त्या जागी नकाशापेक्षा चांगली दोन हात सरकलेली आहे, हे मी तिथेच कुणग्यात उभा राहून जमलेल्या सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी मागच्या सीटवर एकटेच आलेले आमचे जावई कौस्तुभराव होते आणि त्यांचा चष्मा पुढच्या काचेपाशी सापडला. जावयाचा चष्मा ही गोष्ट सासऱ्याच्या कोणत्याही युक्तिवादाहून मोठी असते.

"माका गाडी चलवूक येता," मी म्हटलं.

"प्रश्न फक्त तुमचा नाही, बाबा. ती कोणाच्याही मांडीवर बसून येणार नाही. लहान मुलांची वेगळी सीट असते, ती गाडीत नीट बसवावी लागते. मी एक घरी पाठवते. तुम्ही ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बसवलीत आणि माझी खात्री पटली, तर तुमच्या गाडीतून येऊ. नाही तर टॅक्सी. ती सीट टॅक्सीतून स्टेशनवर पाठवा, मी तिथे बसवून घेईन."

मला लागलं. या मुलीला मी सायकलच्या दांड्यावर बसवून चार वर्षं मालवणच्या शाळेत सोडलं आहे. एकदाच तिचा पाय चाकाच्या तारांत गेला, तो अपवाद. सात टाके पडले होते. बाकी कधी काही झालं नाही. आणि आता तिच्या मुलीला पहिल्यांदा घरी आणण्यासाठी मला परीक्षा द्यायची होती. बरं, देऊ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोजण्या केल्या, एक आपली होऊ दे.

"टॅक्सीच बरी," आतून बायको म्हणाली. माझं नाव सत्यवान, म्हणून लग्नात आईने हौसेने बायकोचं नाव बदलून सावित्री ठेवलं. मी गाडी सुरू केली की तिला त्या नावाची जबाबदारी आठवते. ती डोळे मिटून भराडी देवीचं नाव घ्यायला लागते, ते इंजिन बंद होईपर्यंत घेते.

सीट कुरियरने यायची होती. ती तीनदा "पत्ता सापडत नाही" म्हणून परत गेली. ज्याने या गावातल्या प्रत्येक घराची हद्द मोजणीच्या साखळीने मोजली आहे, त्याचंच घर सापडत नाही. मी त्या माणसाला फोनवर गट क्रमांक सांगितला, हिस्सा सांगितला, चतुःसीमा सांगितल्या. तो म्हणाला, "काका, ता ऱ्हवांदे. घराफुडे माड आसा काय?"

मी म्हटलं, हयसर सगळ्यांच्याच घराफुडे माड आसा.

"मगे सगळीकडे इचारीत येतंय," तो म्हणाला आणि खरंच तसा आला. त्यामुळे खोकं माझ्या अंगणात उतरलं तेव्हा ते कोणाचं, कुठून आलं आणि आत काय आहे हे तारकर्लीपर्यंत सर्वांना माहीत झालेलं होतं.

खोकं फोडायला दोन्ही बाजूंचे शेजारी हजर झाले. दक्षिणेला धोंडू राहतो. चाळीस वर्षं तो मच्छीमार होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. आता गुडघ्यांमुळे घरी असतो, पण हुकूम सोडायची सवय गुडघ्यांत नसते. उत्तरेला हौसाबाई. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, मुलं नऊ, सगळी धडधाकट, आणि त्यांतलं एकही कसल्या सीटवर बसून मोठं झालेलं नाही, हे त्यांनी खोकं उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

आत निघाली ती सीट म्हणजे एक छोटं सिंहासन होतं. खांद्यावरून दोन, कमरेला दोन आणि पायांच्या मधून एक असे पाच पट्टे. बाजूला एक बुडबुड्याची नळी होती, सीट योग्य कलली आहे की नाही ते दाखवायला. ती पाहून माझा जीव भरून आला. आमच्या मोजणीच्या यंत्रालाही अगदी अशीच नळी असायची. सोबतची पुस्तिका बावीस भाषांत होती. त्यांत मराठी नव्हती. मी इंग्रजीतली घेऊन ओसरीवर बसलो आणि शासन निर्णय वाचावा तशी, एकेका कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारत वाचली.

"पोराचा तोंड मागे करुचा," मी जाहीर केलं. "गाडयेच्या पाठीकडे."

हौसाबाई उभ्या राहिल्या. "उलटा? नात पयल्यांदा आजोळाक येता आणि पाठ करून?"

"तशाच लिवला हा."

"शिमेर देवचार आसा, सत्यवान. गावाचो राखणदार. त्येच्यासमोरना पाठ फिरवन जातलास? त्येका काय वाटात?"

मी त्यांना समजावलं. समोरून धक्का बसला की मोठ्या माणसाचं डोकं पुढे जातं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. मागे तोंड असलं की सगळा धक्का पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. हौसाबाईंना काही पटलं नाही. पण धोंडूला एकदम पटलं.

"बरोबर आसा ता," तो म्हणाला. "वल्ही मारणारो कधी फुडे तोंड करून बसता? मागेच बघता तो. म्हणान काय तो घराक पोचना नाय?"

दर्यातला माणूस आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर मला बळ आलं. पण धोंडूचं सहकार्य एवढ्यावर थांबत नसतं. सीट मागच्या बाकावर ठेवून मी गाडीचा पट्टा तिच्याभोवती घ्यायला लागलो, तर तो बकलापासून चार बोटं आधीच संपला. कितीही ओढला तरी चार बोटं तशीच. धोंडू घरी गेला आणि निळ्या नायलॉन दोरीचं वेटोळं घेऊन आला. अर्ध्या तासात त्याने सीट अशी काही आवळली की वादळात गाडी उडाली असती, सीट जागची हलली नसती. फक्त आता गाडीचा मागचा एक दरवाजा बंद होत नव्हता आणि पुढच्या सीटवर बसायला जागा नव्हती. पुस्तिकेत लिहिलं होतं की सीट गाडीच्या पट्ट्यानेच बांधावी, दुसऱ्या कशानेही नाही. मी धोंडूला ते दाखवलं. त्याने इंग्रजी मजकुराकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्या लिवणारो कधी समुद्रात गेलो हा?" मग दोरी सोडवून तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

सीट पुढे, माझ्या शेजारी बसवावी असंही मला वाटून गेलं. तिथला पट्टा पुरत होता, आणि खरं सांगायचं तर नात शेजारी बसलेली मला हवी होती. पण पुस्तिकेत त्या चित्रावर तांबडी फुली होती. समोरची हवेची पिशवी फुगली तर मूल दगावू शकतं. "आमच्या गाडयेक ती पिशवीच नाय," असं मी संचिताला फोनवर समाधानाने कळवलं. त्यावर ती जे बोलली ते इतक्या शुद्ध मराठीत होतं की मी तो विषय सोडून दिला.

शेवटी गाडी अजयच्या गॅरेजमध्ये नेली. त्याने बाकाखालचं रीळ उघडलं तर आतून मूठभर रेती आणि एक सुकलेला बोंबील निघाला. पट्टा आतच अडकला होता. हा बोंबील कधी, कुठल्या बाजारातून येताना तिथे शिरला, याबद्दल सावित्रीचं आणि माझं मत वेगळं आहे. अजय म्हणाला, रीळ साफ करून भागणार नाही, आयत्या वेळी ते पट्टा धरेल याची हमी कोण देणार? त्याने कंपनीचं नवीन रीळ मागवलं. ते पाच दिवसांनी आलं. तोपर्यंत रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "सीट बसली काय?" आमच्याकडे माणूस आजारी असला तरी एवढी चौकशी होत नाही.

रीळ आलं आणि मग खरी फिटिंग सुरू झाली. सीटमध्ये गुडघा रोवायचा, सगळं वजन टाकायचं आणि त्याच वेळी पट्टा ओढायचा, असं पुस्तिकेत होतं. मी गुडघा रोवला, सावित्रीने पट्टा ओढला. सीट बसली, पण माझा पाय आत राहिला. धोंडू कुंपणावरून हे पाहत होता. त्याचा राग तिथेच गेला आणि त्याने येऊन मला सोडवलं. मग सीट पट्ट्याजवळ धरून डावी-उजवीकडे हलवायची. एक इंचाहून जास्त हलता कामा नये. मी स्टीलची पट्टी लावून मोजलं. पहिल्या खेपेला तीन इंच, दुसऱ्या खेपेला दीड, सातव्या खेपेला पाऊण. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे उभा होता. इतकं समाधान मला एखाद्या वादातल्या बांधाचा दगड सापडल्यावरच मिळालं असेल.

संचिताने फोटो मागितला होता. मी पंचनामा पाठवला. "आज रोजी आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून पाहणी केली असता, सदर सीट मागील बाकाच्या डाव्या बाजूस पाठमोरी बसविलेली असून तिची हालचाल पाऊण इंच भरली." खाली धोंडूची सही आणि हौसाबाईंचा अंगठा. हौसाबाईंनी "पाठमोरी" या शब्दाला हरकत नोंदवायला लावली, तीही मी नोंदवली.

उत्तर आलं, "छान, बाबा. आता तिच्या वजनाचं काहीतरी बसवून खांद्याचे पट्टे बघा. नऊ किलो. आणि थोडी चालवून बघा."

नऊ किलोंचं काय बसवायचं? सावित्रीने तांदूळ द्यायला नकार दिला, आणि पिशवीला खांदे नसतात हेही खरं. मग मला परसातला फणस दिसला. दोनच दिवसांपूर्वी काढून पडवीत पिकायला ठेवलेला. धोंडूने मासळीच्या काट्यावर तोलला तर नऊ किलो दोनशे ग्रॅम. गोल पोट, वर निमुळते खांदे, देठ म्हणजे डोकं. फणसाइतकं मुलासारखं दुसरं काही या घरात नव्हतं. त्याच्या काट्यांनी सीटचं कापड खराब होऊ नये म्हणून सावित्रीने खाली-वर तिची जुनी मऊ साडी गुंडाळली. झबल्याची अफवा आली ती इथून. हौसाबाईंनी देठाखाली काजळाची तीट लावली, हे मात्र मी नाकारत नाही.

"कापो मां हो?" धोंडूने विचारलं.

"कापोच," मी म्हटलं. कापा फणस कडक, त्याचे गरे कुरकुरीत. बरका पिकला की लिबलिबीत होतो.

"बरको आसा तो," सावित्री म्हणाली. "मी लगीन होवन इलंय तेव्हापासना त्या झाडार बरकोच लागता."

झाडाची नोंद माझ्याकडे होती. मी तिच्याशी वाद घातला नाही.

पाचही पट्टे फणसाला लावले. खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट घेऊन बघायची असते. चिमटीत पट्टा आला तर सैल, बोटं निसटली तर बरोबर. बोटं निसटली. मी आणि धोंडू चौके गावाच्या दिशेने निघालो. पर्यटकांचा हंगाम, म्हणून नाक्यावर तपासणी चालू होती. हवालदारांनी हात केला. आत डोकावून साडीत गुंडाळलेलं बाळ पाहिलं आणि ते खूश झाले.

"उत्तम. लहान मुलाला सुरक्षित बसवलंय. असे पालक कमी दिसतात," ते सरकारी मराठीत म्हणाले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आणि तुमचा पट्टा?"

मी खाली पाहिलं. पट्टा नव्हता. नऊ किलोंची एवढी काळजी वाहण्यात बहात्तर किलो राहून गेले होते. धोंडू शेजारी पट्टा लावून शहाण्यासारखा बसला होता. त्याने आठवण केली नव्हती. दोरीचा राग थोडा शिल्लक असावा.

"बाळाचं वय काय?" हवालदारांनी विचारलं आणि साडीचा पदर जरा बाजूला केला. मग बोलले तेव्हा सरकारी मराठी गेलेली होती.

"ह्या काय ता?"

मी सगळं सांगितलं. पुस्तिका दाखवली. पंचनाम्याची प्रतही होती. त्यांनी सगळं नीट वाचलं, मला पट्टा लावायला लावला आणि म्हणाले, "फणसाक कळता ता तुमका कळना नाय, काका." पुढे त्यांनी काही केलं नाही. पण मागे चहाच्या टपरीवर सात माणसं उभी होती.

परतीला मी पट्टा लावून, मान ताठ ठेवून येत होतो. आमच्या वळणावर एक म्हैस रस्ता ओलांडायला निघाली आणि मधेच थांबून विचार करू लागली. मी ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीने. गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. धोंडूला काही झालं नाही, मला काही झालं नाही, म्हशीला काही झालं नाही. मागून मात्र फसकन आवाज आला आणि गाडीभर वास सुटला.

फणस बरका होता.

सीट जागची हललेली नव्हती. मी उतरून आधी तीच मोजली. पाऊण इंच, तेवढीच. पट्टे जिथे होते तिथे होते. फक्त त्यांच्या आत आता फणस नव्हता, फणसाचा रस होता. साडीने बराचसा धरला, बाकीचा कापडात मुरला. घरी आल्यावर सावित्रीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा परसातल्या फणसाच्या झाडाकडे. सदतीस वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचा अर्थ मला कळतो, आणि त्याचा त्रास बोलण्याहून जास्त होतो.

हौसाबाई चीक काढायला खोबरेल घेऊन आल्या. मी आडवा झालो. पट्ट्यांना तेल चालत नाही, ते कमजोर होतात. ओल्या फडक्याने पुसायचे, कापड काढून हाताने साबणाने धुवायचं. तीन दिवस ते सावलीत वाळत होतं आणि माझी झोप उडाली होती. संचिताला कळलं तर टॅक्सी. उरलेल्या रसाची सावित्रीने सांदणं केली आणि शेजारी वाटली. मी खाल्ली नाहीत. म्हणजे दोनच खाल्ली.

सगळं पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. अर्धा इंच. दुसरा पंचनामा गेला. त्यात म्हैस आणि फणस या बाबींचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बाबा, तुमच्या गाडयेतना येतंव." मालवणीत होतं. मी ते सावित्रीला तीन वेळा वाचून दाखवलं.

कुडाळला सकाळी सात वाजता गाडी आली. रात्रभर दोघी छान झोपल्या होत्या. तेजस्वीने माझ्याकडे पाहून ओठ काढले, पण रडली नाही. संचिताने सीट धरून हलवून पाहिली, बुडबुडा पाहिला, मुलीला बसवून पट्ट्याची चिमूट घेतली. मी निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यासमोर मुलगा उभा राहावा तसा उभा होतो.

"मी पण इतकी घट्ट बसवणंय नाय, बाबा," ती म्हणाली.

सावित्री पुढे माझ्या शेजारी बसली, संचिता मागे तेजस्वीजवळ. सावित्रीच्या मांडीवर हौसाबाईंनी दिलेला नारळ होता, शिवेवरच्या देवचाराला द्यायला. मी पट्टा लावला आणि निघालो. माझी नात माझ्या गाडीतून घरी चालली होती आणि मी चालवत होतो. नेरूरपारच्या पुलापर्यंत मी सुखी माणूस होतो.

पुलानंतर तेजस्वी रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. काळसे गेलं तरी थांबेना. खुळखुळा झाला, पाणी झालं, गाणं झालं. तोंड लालबुंद. सावित्रीने नामस्मरण सोडून मागे पाहिलं. "काढ गो तिका. किती येळ रडात ती?"

धामापूरच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली. संचिताने तिला उचललं, पाजलं, पाठीवर थोपटत उन्हातून फिरवलं. पोर शांत झाली. सीटजवळ नेली की पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर संचिता मुलीला मांडीवर घेऊन मागे बसली, पाय अजून दाराबाहेर. तिचे डोळे भरले होते.

"चला, बाबा. मांडयेर घेतंय. दहा मिनिटाचा घर. रस्त्यार कोण आसा?"

खरंच कोणी नव्हतं. समोर तो दिवाळीतला कुणगा कोरडा पडलेला होता. सावित्री म्हणाली, "चला हो." मीही किल्लीला हात घातला होता. मला तर तिला घरी न्यायचंच होतं, कसंही. मी वळून संचिताकडे पाहिलं आणि दाराबाहेर लोंबणारा तिचा पाय मला दिसला. घोट्याच्या वर अजून ती पांढरी रेघ आहे. सात टाके.

मी किल्ली काढली.

"तिका सीटीत बसव," मी म्हटलं.

"बाबा, दहा मिनिटा फक्त."

"सायकलीवयना पण दहाच मिनिटा होती."

मी हे तिच्याशी आजवर कधी बोललो नव्हतो. "शाळा समोर दिसा होती, संचू," मी म्हटलं. "घंटा वाजा होती. आता पोचलंवच म्हणान मी जोरात पायडल मारलंय. मगे तू आराडलंस. त्येच्यानंतर ती सायकल मी परत काढूक नाय." मी नारळाकडे पाहत राहिलो.

संचिताने मुलीला सीटमध्ये बसवलं आणि पट्टे लावले. तेजस्वीने पुन्हा सूर लावला. काय करावं सुचेना, म्हणून मी मागचं दुसरं दार उघडून तिच्या शेजारी बसलो, सावित्रीच्या मांडीवरचा नारळ घेतला आणि शिवेवर घालायचं गाऱ्हाणं तिथेच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, शिवेच्या राखणदारा, आज ह्या लेकरू पयल्यांदा आजोळाक येता हा..."

"व्हय म्हाराजा," सावित्री सवयीने म्हणाली.

तेजस्वी थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी थांबलो, तर तिने ओठ काढले. मी पुढे सुरू केलं, ती पुन्हा बघू लागली. तेव्हा मला समजलं. तिचं तोंड मागे. पुढे बसून गाडी चालवणारा आजोबा तिला दिसतच नव्हता. तिला दिसायचं तर इथे बसायला हवं, आणि इथे बसायचं तर गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवायला हवी.

महिनाभर मी ज्यासाठी धडपडलो ती किल्ली मी संचिताच्या हातात दिली. तिने ती घेतली, पुढे जाऊन बसली, आरशात पाहिलं आणि थांबली.

"बाबा, तुमचो पट्टो?"

माझ्या एका हातात नारळ होता, दुसरं बोट तेजस्वीने धरलं होतं. संचिता उतरली, माझ्या बाजूचं दार उघडून तिने पट्टा माझ्या छातीवरून ओढला आणि लावला. मग खांद्याजवळ त्याची चिमूट घेऊन पाहिली. तिची बोटं निसटली.

"फणसाक बांधतास आणि स्वतःक नाय," ती म्हणाली.

मी सावित्रीकडे पाहिलं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"आयेन त्याच दिसा सांगितल्यान माका," संचिता म्हणाली. "तुमचो पयलो पंचनामो वाचून पण मी टॅक्सीच ठरवलंय होती. मगे आय म्हणाली, फणस फुटलो पण सीट काय हलूक नाय. आणि गाडी म्हशीच्या हातभर आधी थांबली. तेव्हा म्हटलंय, बाबांच्याच गाडयेतना जावया." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो लगेच काढला नाही.

गाडी निघाली. ती चांगली चालवते, वळणावर हळू घेते. मी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. लेकरू पाठ करून येता म्हणान राग मानू नको, त्याची मान नाजूक आसा, म्हणान तसा बसयला हा. घरात धोंडू आणि हौसाबाई वाट बघतत, त्यांका सुखरूप भेटव. पुढच्या दोन्ही सीटवरून "व्हय म्हाराजा" येत होतं. आणि तेजस्वी माझं बोट धरून, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून, न रडता शीव ओलांडून गावात आली.

तर लोकांनी सांगायचं ते सांगावं. फणसाला पट्टा होता आणि मला नव्हता, हे खरं आहे. नंतर मलाही होता, तो माझ्या मुलीने लावला, हेही त्यांनी पुढे जोडावं. याला पंच दोन आहेत. एक माझी बायको. दुसरीला अजून सही करता येत नाही.